दीपेशच्या सर्व्हिससमोर

काल्हेरला खाडीच्या अंगाला आज जिथं निळ्या पत्र्यांची गोदामं ओळीनं उभी आहेत, तिथं एकेकाळी गवताचं टेनिस कोर्ट होतं असं सांगितलं, तर नव्या इमारतींत राहायला आलेली माणसं थट्टा समजतात. पण ते होतं. केसरीनाथ तरे यांचा मातीभरणीचा धंदा होता. मुंबईच्या एका जिमखान्यात लाल माती टाकायला त्यांचे डंपर गेले, तेव्हा पांढऱ्या कपड्यांतली माणसं हिरव्यागार गवतावर टेनिस खेळताना त्यांनी पहिल्यांदा पाहिली, आणि ते त्यांच्या डोक्यात जाऊन बसलं. घरामागचं भाताचं खाचर त्यांनी भरून घेतलं, वर लाल माती अंथरली, हरळी लावली, लोखंडी रूळ फिरवून जमीन बसवली. नेट बाजारातून आणलं नाही, कशेळीच्या एका कोळ्याकडून विणून घेतलं. गाव हसलं. केसरीनाथांनी तिकडे लक्ष दिलं नाही. कोर्ट त्यांना स्वतःसाठी नकोच होतं. ते दीपेशसाठी होतं.

दीपेश त्यांचा थोरला. अंगानं उंच, खाडीत पोहून खांदे रुंद झालेले. ठाण्याच्या एका क्लबात तो टेनिस शिकायला जायचा आणि तिथल्या सगळ्यांत त्याची सर्व्हिस जोरकस होती. सिमेंटच्या कोर्टावर चेंडू निदान उसळतो तरी, समोरच्याला थोडा वेळ मिळतो. गवतावर तो उसळतच नाही, घसरतो. घरच्या कोर्टावर दीपेशनं सर्व्हिस मारली की चेंडू जमिनीला चाटून सापासारखा सरकायचा आणि समोरच्याची रॅकेट फिरायच्या आत मागच्या भिंतीवर आपटायचा. रविवारी सकाळी शेजारपाजारचे लोक खुर्च्या घेऊन बघायला यायचे. केसरीनाथ भिंतीपाशी हात बांधून उभे राहायचे. बोलायचे काही नाहीत, पण त्यांचा चेहरा बोलायचा.

करिष्मा दीपेशहून तीन वर्षांनी लहान. सुरुवातीला तिचं काम चेंडू गोळा करायचं. दीपेशसमोर खेळायला येणारी मुलं टिकत नव्हती. चार दिवस येत, चेंडू भिंतीवर आपटताना बघत, आणि पाचव्या दिवशी कुणाला तरी काम निघे. शेवटी एकदा केसरीनाथ वैतागून म्हणाले, "करिष्मा, तू राहा उभी समोर. खेळू नको. निस्तं आडव, बास."

तिनं सुरुवातीला नुसता मार खाल्ला. एक चेंडू गळ्याखालच्या हाडावर असा बसला की दोन दिवस तिला मान वळवता येईना. आईनं, राहीबाईंनी, हळद लावली आणि म्हणाल्या, "आता बास झालं. उद्या जाव नको." दुसऱ्या दिवशी ती गेली.

तिला कुणी शिकवलं नाही. तिचं तिलाच कळत गेलं. रॅकेट मागं नेऊन जोरानं मारायला वेळच नसतो, हे आधी कळलं, म्हणून तिनं मागं नेणंच सोडलं. रॅकेट पुढ्यात धरायची, गुडघे वाकवायचे आणि दीपेशनं चेंडू वर टाकला की एक हलकी उडी घेऊन पाय मोकळे करायचे. जोर तर दादाच लावत होता. आपण फक्त रॅकेट पक्की धरायची, त्याचाच जोर उलटा फिरून त्याच्याकडे जायचा. बाकीची मुलं सर्व्हिसच्या भीतीनं मागं मागं सरकत. करिष्मा हळूहळू पुढं सरकली. चेंडू घसरायला लागायच्या आतच तिला तो गाठायचा होता. दीपेश सर्व्हिस करून नेटकडे धावत यायचा, तेव्हा ती चेंडू त्याच्या पायाशी टाकू लागली. त्याला वाकावं लागायचं, आणि उंच माणसाला वाकायचं म्हणजे शिक्षाच. तो मागं थांबला तर ती चेंडू खोल, अगदी मधोमध टाकायची, म्हणजे त्याला कोन मिळायचा नाही. आणि चेंडू असा परत आला की दीपेश इतर कुठल्याही मुलासारखा साधा खेळाडू होऊन जायचा. पुढचं काय करायचं हे त्याला ठाऊकच नव्हतं. तशी वेळच कधी आली नव्हती.

ती सोळा वर्षांची होईतो हे असं झालं होतं. आणि त्याच हिवाळ्यात दीपेशची सर्व्हिस बिघडली.

म्हणजे सगळ्यांना तसं वाटलं. तो आणखी जोर लावायला लागला. चेंडू नेटात जायला लागले, रेषेबाहेर पडायला लागले. दुसरी सर्व्हिससुद्धा चुकायची, आणि मग तो रॅकेट गवतावर आपटायचा. केसरीनाथांची झोप उडाली. मार्चमध्ये मुंबईत तरुण मुलांची मोठी स्पर्धा होती, तीही गवतावर, आणि तिच्यावर त्यांनी सगळी आशा ठेवली होती. त्यांनी भिवंडीहून दत्तोपंतांना बोलावलं. दत्तोपंत दिवाणी न्यायालयातून निवृत्त झालेले कारकून. तरुणपणी विद्यापीठाकडून खेळलेले, आणि टेनिसवर जीव असलेला त्या भागातला बहुधा एकमेव म्हातारा. स्कूटरवरून आले, खुर्ची सावलीत ओढून घेतली आणि सकाळभर बघत बसले. चहा दोनदा आला, दोनदा निवला.

शेवटी ते उठले. "केसरीनाथशेठ, मुलाच्या सर्व्हिसला काहीही झालेलं नाही."

"मंग?"

"तुमची मुलगी ती परत करते आहे. चेंडू परत येणार, हे आता त्याला मारायच्या आधीच माहीत असतं. म्हणून तो जोर वाढवतो, आणि जोर वाढवला की चुकतो. सर्व्हिस चांगलीच आहे. तिच्यापुढे मात्र ती निकामी होते." मग जरा थांबून म्हणाले, "हिला कुठं खेळवता का तुम्ही? खेळवा. असं रिटर्न मी फार थोड्यांचं पाहिलंय."

करिष्मा नेटपाशी चेंडू वेचत होती. तिनं सगळं ऐकलं. तिच्या कानाच्या पाळ्या तापल्या. आता बाबा काहीतरी म्हणतील म्हणून ती मान खाली घालून उगाच चेंडूवरचं गवत काढत राहिली. केसरीनाथांनी दत्तोपंतांना जेवायला थांबवून घेतलं, माशाचं कालवण वाढलं आणि पोचवायला रस्त्यापर्यंत गेले.

संध्याकाळी ते ओटीवर बसले होते. दीपेश पायरीवर बसून रॅकेटच्या पकडीची पट्टी गुंडाळत होता. केसरीनाथांनी करिष्माला हाक मारली.

"उद्यापासून तू नको उभी राहू. ठाण्यावरून एक पोरगा येईल."

"का?"

"त्याचा हात बसला पायजे. स्पर्धा तोंडावर हाय. तू समोर असलीस की त्याचं मन खचतं." त्यांचा आवाज मऊ होता. रागावले असते तर तिला भांडता आलं असतं. "तुजी चूक न्हाय बाळा. पण न्हाय ना चालत असं."

करिष्मानं दीपेशकडे पाहिलं. तो काहीतरी म्हणेल असं तिला वाटलं. 'राहू दे तिला,' एवढं जरी म्हणाला असता. त्यानं ती पट्टी पुन्हा उलगडली आणि पुन्हा गुंडाळायला घेतली. ती बघत राहिली आणि तो गुंडाळत राहिला. मग आत भांडी घासायची होती, म्हणून ती आत गेली.

ठाण्याहून आलेल्या मुलाला दीपेशची सर्व्हिस दिसायचीसुद्धा नाही. चेंडू पुन्हा भिंतीवर आपटायला लागले, पंधरा दिवसांत दीपेशच्या चालण्यात ऐट परत आली, आणि केसरीनाथ पुन्हा हात बांधून उभे राहायला लागले. करिष्मा स्वयंपाकघराच्या खिडकीतून तो आवाज ऐकायची. चेंडू भिंतीवर आपटल्याचा आवाज वेगळा असतो, रॅकेटवर बसल्याचा वेगळा. त्या दिवसांत तिला एकच आवाज ऐकू येत होता.

मुंबईच्या स्पर्धेला सगळं घर गेलं. पहिल्या दोन फेऱ्या दीपेशनं अशा जिंकल्या की बघणारे एकमेकांना विचारायला लागले, हा कुठला मुलगा? केसरीनाथ अभिमानानं सांगत होते, "भिवंडीचा. काल्हेर." तिसऱ्या फेरीत त्याच्यासमोर पुण्याचा सुयश नावाचा मुलगा आला. काटकुळा, डोळ्यांवर चष्मा, दीपेशच्या खांद्याला लागेल एवढा. पहिला सेट दीपेशनं सहज घेतला. दुसऱ्या सेटच्या मध्यावर त्या मुलानं चष्मा पुसला आणि रेषेच्या आत एक पाऊल टाकून उभा राहिला.

पुढचं सगळं करिष्माला ठाऊक होतं. रॅकेट मागं न नेता त्या मुलानं चेंडू नुसता थोपवला, आणि तो दीपेशच्या पायाशी पडला. पुन्हा तसाच. मग खोल, मधोमध. दीपेशनं जोर वाढवला. नेटात. पुन्हा वाढवला. बाहेर. एकदा दुहेरी चूक झाली, मग दुसरी. केसरीनाथ तिच्याकडे वळून म्हणाले, "काय झालं गं त्याला?"

"काय न्हाय, बाबा."

शेवटच्या सेटमध्ये सर्व्हिस करण्याआधी दीपेशनं मान वर केली आणि प्रेक्षकांत तिला शोधलं. तिची नजर त्याला सापडली. तो इतका वेळ बघत राहिला की पंचांनी त्याला टोकलं. आपण खाली उतरून त्याच्या कानात दोन वाक्यं बोललो तर तो अजून जिंकेल, असं तिला वाटलं. पण तसं कुणाला उतरू देत नाहीत. आणि उतरू दिलं असतं तरी आपण गेलो असतो का, याचं उत्तर तिला पुढं कित्येक वर्षं देता आलं नाही.

तो हरला. दीपेशनं आणखी वर्षभर खेळायचा प्रयत्न केला, पण त्याची सर्व्हिस थोपवता येते ही गोष्ट एव्हाना सगळीकडे पसरली होती, आणि त्याच्याजवळ दुसरं काही नव्हतं. पुढच्या पावसाळ्यात कोर्टात नेहमीसारखं पाणी साचलं आणि दसरा झाला तरी रूळ कुणी बाहेर काढला नाही.

दत्तोपंत मात्र एकदा पुन्हा आले. केसरीनाथांचं मन टेनिसवरून उडालं होतं, त्यामुळे त्यांनी नाही म्हटलं नाही, आणि दत्तोपंत करिष्माला ठाण्याच्या एका स्पर्धेला घेऊन गेले. तिथं ती पहिल्याच फेरीत हरली. समोरची मुलगी बेताचीच होती. तिची प्रत्येक सर्व्हिस करिष्मानं मोडून काढली. पण खेळ आळीपाळीचा असतो, आणि आपली पाळी आली की करिष्माचा चेंडू कुठंही जायचा. काल्हेरच्या कोर्टावर इतकी वर्षं ती उभी होती, पण तिच्या हातात चेंडू देऊन 'तू मार' असं कुणी कधी म्हटलंच नव्हतं. तिला सर्व्हिस करताच येत नव्हती. टायब्रेकमध्ये तिनं शेवटचा चेंडू नेटात मारला, तेव्हा दत्तोपंतांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. येताना ते म्हणाले, "मी आधी विचारायला हवं होतं तुला. माझ्या डोक्यातच आलं नाही." वर्षभरात त्यांचं निधन झालं.

करिष्माचं लग्न अंबाडीला झालं. नवरा सागर, नाक्यावर सिमेंट-पत्र्यांचं दुकान. माणूस सरळ. दुपारी तो जेवायला गेला की ती गल्ल्यावर बसायची. टेनिसचा विषय त्या घरात कधी निघाला नाही. काल्हेरला जमिनींना भाव आला, कोर्टावर आधी बकऱ्या चरल्या, मग मुरूम पडला, मग पत्रे चढले. दीपेश गोदामांचं बघायला लागला. भाऊ-बहीण रक्षाबंधनाला भेटत, भाऊबीजेला भेटत. तो ओवाळणीत भरभरून घालायचा. बोलायचा बेताचंच.

दीपेशला पस्तिशीच्या आतच साखर निघाली. त्यानं ती अंगावर काढली. अडतिसाव्या वर्षी दोन्ही किडन्या गेल्या. डॉक्टरांनी किडनी बदलायचं सुचवलं, तेव्हा करिष्मानं कुणालाही न विचारता स्वतःच्या तपासण्या करून घेतल्या. तिलाही साखर निघाली. ती किडनी देऊ शकत नव्हती. मग ती एवढंच करू शकत होती की आठवड्यातून दोनदा अंबाडीहून काल्हेरला यायचं आणि दीपेशला गाडीत घालून ठाण्याला डायलिसिसला न्यायचं. तिसरी खेप त्याची बायको करायची.

त्या गाडीत दोघं जेवढं बोलले, तेवढं जन्मात बोलले नव्हते. एकदा परतताना कशेळीच्या पुलाअलीकडे गाड्या ठप्प झाल्या. पुढंमागं कंटेनर. दीपेश डायलिसिसनंतर नेहमी गळून जायचा, डोळे मिटून पडायचा. त्या दिवशी डोळे मिटूनच म्हणाला, "एक विचारू?"

"विचार की."

"तुला कळायचं कसं? मी कुठं मारणार ते?"

ती त्याच्याकडे बघत राहिली. पुढचा ट्रक हलला तरी तिनं गाडी हलवली नाही, मागच्यानं हॉर्न दिला तेव्हा हलवली.

"बाहेरच्या बाजूला मारायचं असलं की तू चेंडू टाकण्याआधी डाव्या पायाचा अंगठा बघायचास," ती म्हणाली. "मधी मारायचं असलं की न्हाय बघायचास. आणि अंगावर मारणार असलास की ओठ दाबून धरायचास."

दीपेशनं डोळे उघडले. "कायम?"

"कायम. पुण्याच्या त्या पोराला पण कळलं होतं ते. दुसऱ्या सेटात."

तो समोरच्या कंटेनरकडे वळला. मग हसला. हसताना त्याला खोकला आला, तिनं पाण्याची बाटली दिली. डॉक्टरांनी मोजून प्यायला सांगितलेलं पाणी त्यानं घोटभरच घेतलं.

"तेव्हा सांगितलं असतंस तर."

"तू विचारलं न्हायस, दादा."

"व्हय," तो म्हणाला. "न्हाय विचारलं." मग म्हणाला, "बाबांनी तुला घरात पाठवलं ना, त्या रात्री मी ढाराढूर झोपलो. लई दिवसांनी." तिला वाटलं तो पुढं आणखी काही बोलेल. पण त्याचे डोळे मिटले होते, आणि घर येईपर्यंत त्यानं ते उघडले नाहीत. तिला राग आला नाही. तिला वाटलं, आपण दोघं एकाच बाजूला उभे राहिलो असतो तर काय झालं असतं. त्यानं मारायची, तिनं सांगायचं, त्यानं बदलायची. ती सर्व्हिस मग कुणालाच थोपवता आली नसती. कदाचित तिलाही नाही.

त्यानंतर थंडी सरायच्या आत दीपेश गेला. डायलिसिसच्या खुर्चीतच हृदय बंद पडलं. त्या दिवशीची खेप करिष्माची होती, ती बाहेर बाकावर बसली होती. आत चाललेली धावपळ तिला काचेतून दिसली, आणि नर्स दार उघडून बाहेर येण्याआधीच तिला कळलं.

दहाव्याला खाडीवरचे विधी आटोपून माणसं घरापुढच्या मांडवात बसली होती. गावातले जुने लोक, गोदामवाले, क्लबातले दोघं-तिघं. बोलता बोलता कोर्टाचा विषय निघाला. शेजारचा चिंधू तरे म्हणाला, "काय सर्व्हिस होती त्याची. आमी खुर्च्या टाकून बघायचो. चेंडू दिसायचाच न्हाय."

"कुणाला कधी परत करता आली न्हाय ती," दुसरा म्हणाला. "एकालाबी न्हाय."

माना हलल्या. करिष्मा चहाचा ट्रे घेऊन फिरत होती. केसरीनाथ भिंतीला टेकून बसले होते. ऐंशीच्या घरात पोचलेले, मुलगा गेल्यापासून एका जागी बसलेले, कुणाशी न बोललेले. त्यांनी मान वर केली.

"यायची," ते म्हणाले.

म्हातारा काय बोलतोय ते आधी कुणाच्या ध्यानात आलं नाही.

"परत यायची. ही परत करायची." त्यांनी हात करिष्माकडे केला. "रोज करायची. मीच हिला..."

सगळ्यांच्या नजरा तिच्याकडे वळल्या. हे शब्द ऐकायला ती कधीकाळी नेटपाशी मान खाली घालून थांबली होती. आता ते आले होते, चारचौघांत आले होते. मांडवाच्या टोकाला दीपेशची बायको बसली होती, तीही तिच्याकडे बघत होती. कधीच परत न आलेली सर्व्हिस, नवऱ्याबद्दल लोकांकडून ऐकलेली एवढी एकच मोठी गोष्ट तिच्याजवळ होती.

करिष्मानं ट्रे खाली ठेवला आणि वडिलांपुढं बसली. "न्हाय बाबा," ती म्हणाली. "तुमाला आठवत न्हाय. मी निस्ती चेंडू गोळा करायची. दादाची सर्व्हिस कुणालाच न्हाय आली परत."

केसरीनाथ तिच्याकडे बघत राहिले. त्यांनी वाद घातला नाही. चिंधू म्हणाला, "वय झालं आता त्यांचं," आणि बोलणं दुसरीकडे गेलं. करिष्मा ट्रे उचलून आत गेली. राहीबाई चुलीपाशी होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. त्यांनी लेकीला जवळ ओढलं, आणि मग करिष्मा रडली. दीपेश गेल्यापासून ती अशी रडली नव्हती. आपण कुणासाठी रडतोय हे तिला नीट सांगता आलं नसतं.

पुढच्या आठवड्यात एका दुपारी ती दुकानात गल्ल्यावर बसली असताना फोन आला. केसरीनाथ स्वतः कधी फोन लावत नसत, कुणाकडून तरी लावून घेतला असावा. बराच वेळ नुसता श्वास ऐकू आला.

"बाबा? बोला ना."

"मला आठवतं सगळं," ते म्हणाले.

"मला ठाऊक हाय, बाबा."

"मंग तसं का बोललीस?"

दुकानासमोर टेम्पोत पत्रे चढवत होते, त्या खडखडाटात बाबांना उत्तर ऐकूही गेलं नसतं. ती म्हणाली, "गोळ्या घेतल्या का दुपारच्या?"

"घेतल्या."

"रविवारी येते मी."

"ये," ते म्हणाले, आणि फोन कसा बंद करायचा ते त्यांना माहीत नसल्यामुळे तो तसाच चालू राहिला. घरातले आवाज येत होते. कुणीतरी भांडं ठेवलं, राहीबाई काहीतरी बोलल्या. करिष्मा फोन कानाला लावून ऐकत राहिली.